मंत्रालयातला मुकादम

महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाला कामं कमी नाहीत. खिचडी शिजवायची, गणवेशाचं कापड ठरवायचं, पटसंख्या मोजायची, एकही शाळा बंद होणार नाही असं सांगायचं आणि मग कमी पटाच्या शाळांच्या याद्या मागवायच्या. उरलेल्या वेळात गुरुजींना मतदारयाद्यांना जुंपायचं. २०२४ साली या विभागाच्या मागे आणखी एक काम लागलं. जर्मनीला प्लंबर पुरवायचे.

थट्टा नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-वुटेनबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. जुलैमध्ये शासन निर्णय निघाला. पथदर्शी प्रकल्प म्हणून १०,००० तरुण पाठवायचे ठरले. आपल्याकडे नमुनासुद्धा दहा हजारांचा असतो. यादी वाचण्यासारखी आहे: नर्स, लॅब असिस्टंट, दातांच्या डॉक्टरचे मदतनीस, वेटर, आचारी, इलेक्ट्रिशियन, रंगारी, सुतार, गवंडी, मोटार मेकॅनिक, बस-ट्राम-ट्रकचे ड्रायव्हर, सुरक्षारक्षक, टपाल वाटणारे, गोदामात माल हलवणारे. एवढी माणसं एका गावातून उचलली तर मागे सरपंच आणि ग्रामसेवक तेवढे उरतील. ग्रामसेवकही तालुक्याला गेलेले असतील.

आता या कामासाठी आपल्याकडे कौशल्य विकास नावाचा स्वतंत्र विभाग आहे. कामगार विभाग आहे. तंत्रशिक्षण आहे. पण पोरांना जर्मन शिकवायची, शिकवायचं म्हणजे शाळा, म्हणून हे प्रकरण शाळेच्या खात्यात जमा झालं आणि जिल्ह्याजिल्ह्यातल्या ‘डाएट’च्या गळ्यात पडलं. गुरुजींचं प्रशिक्षण घेणाऱ्या संस्था आता ट्राम ड्रायव्हरांची नोंदणी करणार.

याच विभागाने पुढच्या वर्षी काय केलं ते आठवा. एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी सक्तीची केली, जूनमध्ये ‘सक्ती नाही, पण’ असा दुसरा आदेश काढला आणि २९ जूनला दोन्ही आदेश मागे घेऊन समिती नेमली. पहिलीच्या पोराने कोणती तिसरी भाषा शिकावी हे ज्यांना अडीच महिन्यांत ठरवता आलं नाही, त्यांनी दहा हजार मोठ्या पोरांना चौथी भाषा शिकवायची जबाबदारी घेतली होती. मधल्या काळात खात्याचे मंत्रीही बदलले. करार केसरकरांच्या काळातला, निस्तरायचा दादा भुसेंनी. जर्मनीत एवढ्या वेळात हिटरसुद्धा बसवून होत नाही म्हणतात, म्हणून तर त्यांना प्लंबर हवेत.

हसून झालं असेल तर खऱ्या गोष्टीकडे येऊ. करार हवेतला नाही. मुंबई आणि स्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत, महाराष्ट्र आणि बाडेन-वुटेनबर्ग यांचं २०१५ पासून राज्य म्हणून नातं आहे. त्यांची मर्सिडीज आपल्या चाकणला जोडली जाते, त्यांच्या बॉशचा कारखाना नाशिकला आहे. दिल्लीतही कागद तयार आहेत. ५ डिसेंबर २०२२ रोजी भारत आणि जर्मनी यांच्यात स्थलांतर भागीदारीचा करार झाला, सही जयशंकर आणि अॅनालेना बेअरबॉक यांची. ऑक्टोबर २०२४ मध्ये चॅन्सेलर शोल्झ दिल्लीला आले, तेव्हा कुशल भारतीयांसाठीचे व्हिसा वर्षाला २०,००० वरून ९०,००० होणार अशी घोषणा झाली. टाळ्या पडल्या. व्हिसा ९०,००० असू शकतात, तेवढे मालक असतील असं त्यात कुठेही लिहिलेलं नसतं.

जर्मनीला माणसं का हवीत? म्हातारी झाली म्हणून. युद्धानंतर जन्मलेली मोठी पिढी निवृत्त होते आहे आणि मागून येणारी पिढी लहान आहे. तिथल्या सरकारी रोजगार संस्थेच्या प्रमुखांनीच २०२१ मध्ये सांगितलं होतं की वर्षाला चार लाख माणसं बाहेरून यायला हवीत. पण एक गंमत आहे. याच बाडेन-वुटेनबर्गमधल्या बॉशने सप्टेंबर २०२५ मध्ये १३,००० नोकऱ्या कमी करायचं जाहीर केलं. झेडएफ या गिअरबॉक्सवाल्यांनी त्याआधीच १४,००० पर्यंतचा आकडा सांगून ठेवला होता. म्हणजे चाकणच्या पोराला स्वप्न पडतं ते ज्या कारखान्याचं, तिथे दार बंद होतंय. दार उघडं आहे ते वृद्धाश्रमाचं, हॉटेलच्या स्वयंपाकघराचं, छपरावरच्या कामाचं आणि रात्रपाळीच्या ट्रकचं. त्यात कमीपणा काही नाही. पण पोस्टरवर मर्सिडीजचा तारा छापू नये.

आणि आपल्या पोरांना तिकडे का जायचंय, हे विचारायला समिती लागत नाही. २०२३ ची तलाठी भरती: ४,६४४ पदं, दहा लाखांच्या वर अर्ज, खुल्या गटाला परीक्षा शुल्क एक हजार रुपये. २०२४ ची पोलीस भरती: सतरा हजार पदं, सतरा लाखांच्या वर अर्ज, आणि भर पावसात चिखलात धावणारी पोरं. ज्या जुलै महिन्यात जर्मनीचा शासन निर्णय निघाला, त्याच महिन्यात मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनाही निघाली. बारावी झालेल्याला महिना ६,०००, आयटीआयवाल्याला ८,०००, पदवीधराला १०,०००, मुदत सहा महिने. पुढे मुदत अकरा महिन्यांपर्यंत वाढवली आणि ती संपल्यावर पोरं कायम करा म्हणून रस्त्यावर उतरली. जर्मनीत १ जानेवारी २०२६ पासून किमान वेतन ताशी १३.९० युरो आहे. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर आयटीआयवाल्याचा इथला महिना तिथे सहा तासांत वसूल होतो. कोण थांबेल?

हिशेब मात्र पुढेही करायला हवा, जो जाहिरातीत नसतो. किमान वेतनावर पूर्ण महिना काम केलं तर साधारण २,४०० युरो होतात. कर, आरोग्य विमा, पेन्शन, बेकारी विमा कापून एकट्या माणसाच्या हाती १,७०० च्या आसपास येतात. स्टुटगार्टसारख्या शहरात एका खोलीला पाच-सातशे युरो सहज जातात, तेही खोली मिळाली तर. उरलेल्यात पोट, ट्रामचा पास, फोन, थंडीचे कपडे आणि गावाकडचं कर्ज. तरीही इथल्यापेक्षा बरंच शिल्लक राहतं, हे खरंच आहे. फक्त ‘महिना अडीच लाख’ असं ओरडणाऱ्याने कापून गेलेलं आधी सांगावं.

आता मुद्दा. बीडचा ऊसतोडीचा मुकादम तुम्हाला ठाऊक आहे. पावसाळ्यात वस्त्यांवर फिरतो, नवरा-बायको मिळून एक कोयता धरतो, कोयत्यामागे उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो, वहीत लिहितो आणि दिवाळीच्या आसपास टोळी ट्रकमध्ये भरून कारखान्यावर नेतो. त्याच्याबद्दल चांगलं बोलावं असं फारसं काही नाही. पिढ्यान् पिढ्या त्याने माणसं उचलीत बुडवली. पण धंद्याचे दोन नियम तो पाळतो. एक, टोळीत किती कोयते आहेत आणि ते कुठल्या कारखान्यावर जाणार हे त्याला तोंडपाठ असतं. दोन, उचलीचा पैसा कारखान्याकडून येतो. ज्याला ऊस तोडून हवा, त्याने आधी पैसे मोकळे करायचे.

आपलं सरकार मुकादम झालं, पण हा दुसरा नियम विसरलं. दहा हजार पोरांना जर्मन शिकवायचा खर्च कोण करणार? महाराष्ट्राची तिजोरी. गरज स्टुटगार्टची, फी संभाजीनगरच्या करदात्याची. श्रीमंत राज्याच्या म्हाताऱ्यांची सेवा करायला गरीब राज्याने स्वतःच्या पैशाने माणूस घडवायचा, भाषा शिकवायची, कागद करायचे आणि विमानतळावर हार घालून निरोप द्यायचा. असा उदार मुकादम बीडमध्ये शोधून सापडणार नाही.

केरळने हे वेगळं केलं. माणसं बाहेर पाठवण्यात त्यांचा हात मुरलेला आहे. अनिवासी केरळीयांसाठी त्यांनी १९९६ मध्येच वेगळा विभाग काढला. त्यांच्या ‘नोर्का रूट्स’ने डिसेंबर २०२१ मध्ये जर्मनीच्या सरकारी रोजगार संस्थेशी ‘ट्रिपल विन’ या कार्यक्रमाखाली नर्सेस पाठवायचा करार केला. हा कार्यक्रम जर्मनी २०१३ पासून फिलिपिन्स वगैरे देशांबरोबर चालवते आहे. त्यात नर्सकडून भाषेचे पैसे घेत नाहीत. ज्या इस्पितळाला नर्स हवी आहे, ते प्रत्येक नर्समागे काही हजार युरो मोजतं आणि त्यातून वर्ग, कागदपत्रं, प्रवास यांचा खर्च निघतो. म्हणजे जर्मन मालक उचल द्यायला तयार असतो. फक्त मागावी लागते. केरळने मागितली. आपण बहुधा फोटो काढून घेण्यात गुंतलो होतो.

सरकारला ही निर्यात एवढी का आवडते, त्याचं कारण पैशात आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीनुसार परदेशातून भारतात येणाऱ्या पैशात महाराष्ट्राचा वाटा २०.५ टक्के, देशात पहिला, केरळच्याही पुढे. नोकरी द्यायची नाही आणि मनीऑर्डर मोजायची, याहून सोपं अर्थशास्त्र कुठल्याही विद्यापीठात शिकवत नाहीत.

जर्मनी माणसं मागवायला आज शिकलेली नाही. १९५५ मध्ये इटलीशी करार केला, १९६१ मध्ये तुर्कस्तानशी, मग पोर्तुगाल, युगोस्लाव्हिया आणि इतर. आलेल्यांना नाव दिलं ‘पाहुणे कामगार’. पाहुण्याला कोणी खाणीत उतरवत नाही, पण असो. १० सप्टेंबर १९६४ रोजी कोलोनच्या डॉइट्झ स्टेशनवर दहा लाखावा पाहुणा उतरला. पोर्तुगालचा सुतार, आर्मांदो रोद्रिगेस द सा. भोंग्यावरून नाव पुकारलं तेव्हा त्याला वाटलं आपल्याला परत पाठवतायत, म्हणून तो घाबरला. परत नव्हते पाठवत. बँड लागला होता, फुलं होती आणि बक्षीस म्हणून एक मोपेड. त्या मोपेडवर बसलेला, टोपी घातलेला, भांबावलेला माणूस जर्मनीच्या शालेय पुस्तकांत गेला. मोपेड आज बॉनच्या इतिहास संग्रहालयात आहे.

माणसाचं पुढे काय झालं ते पोस्टरवर नसतं. तो आजारी पडला, पोर्तुगालला परतला, जर्मनीत साठवलेला पैसा उपचारांत घातला आणि १९७९ मध्ये पोटाच्या कर्करोगाने गेला. जर्मनीत कापलेल्या विम्याच्या हप्त्यांवर त्याचा हक्क होता. ते त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. बँडवाल्यांना त्याच्या भाषेत एक वाक्य बोलणारा माणूस आणता आला नव्हता असं नाही. पण ते कुणाच्या कामाच्या यादीत नव्हतं.

१९७३ मध्ये तेलाचा भडका उडाला आणि जर्मनीने भरती एका फटक्यात थांबवली. त्याआधी साठच्या दशकात केरळच्या कितीतरी तरुण मुली कॅथलिक संस्थांच्या ओळखीने जर्मन इस्पितळांत नर्स म्हणून गेल्या होत्या. सत्तरच्या दशकात टंचाई सरली, तेव्हा त्यातल्या अनेकींचे परवाने वाढवले गेले नाहीत. मग २००० साल उजाडलं, संगणकाची माणसं हवीत म्हणून श्रोडर सरकारने ग्रीन कार्ड काढलं, आणि नॉर्थ राइन-वेस्टफालियाच्या निवडणुकीत युर्गेन रुटगर्स या ख्रिस्ती लोकशाहीवादी पुढाऱ्याने घोषणा दिली: ‘किंडर श्टाट इंडर’, भारतीय नकोत, मुलं हवीत. यमक जमलं, निवडणूक गेली. चोवीस वर्षांनी जर्मन सरकारने खास भारतातून माणसं आणायचं धोरण कागदावर मांडलं. मुलं झाली नसणार. फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत स्थलांतराविरुद्ध गळा काढणारा एएफडी २०.८ टक्के मतं घेऊन दुसरा आला. दार उघडणारे आणि दार लावणारे एकाच घरात राहतात, हे पोराला जाण्याआधी सांगायला हवं.

समजा, पोरगं तरीही निघालं. पहिली पायरी भाषा. नर्सला साधारण बी-टू पातळी लागते. ती गाठायला सहाशेच्या वर तास वर्गात बसावं लागतं, घरचा अभ्यास वेगळा. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे, मॅक्स म्युलर भवन आहे, जर्मन शिकण्याची जुनी हौस आहे. पण योजनेतला पोरगा पुण्याचा नाही, परतूरचा आहे. तिथे सहाशे तास कोण शिकवणार? आणि शिकून गेला तरी बाडेन-वुटेनबर्गमध्ये त्याच्याशी बोलणारी आजी श्वाबी बोलीत बोलणार. या राज्याने १९९९ मध्ये स्वतःच अशी जाहिरात केली होती की आम्हाला सगळं येतं, फक्त प्रमाण जर्मन येत नाही. पुण्याची प्रमाण मराठी शिकून चंदगडला गेलेल्याचे होतात ते हाल आपल्या पोराचे तिथे होणार. वर जिन्यावर पाटी टांगलेली असेल, या आठवड्यात जिना झाडायची पाळी तुमची. श्वाबी लोक या झाडलोटीच्या पाळीबाबत कुठलाही विनोद ऐकून घेत नाहीत.

दुसरी पायरी मान्यता. जर्मनीत इलेक्ट्रिशियन व्हायला साडेतीन वर्षं लागतात, आठवड्यातले काही दिवस कारखान्यात, काही शाळेत. आपला आयटीआय दोन वर्षांचा, आणि त्यातलं यंत्र कधी चालू असतं, कधी त्यावर चादर असते. मग ‘अंशतः मान्य’ असा कागद येतो आणि उरलेलं तिथे जाऊन भरून काढा म्हणतात. मार्च २०२४ पासून त्यांनी एक सोय केली: दोन वर्षांचं शिक्षण, नोकरीचा लेखी करार आणि ए-टू जर्मन असेल तर आधी या, काम करता करता मान्यता मिळवा. सोय चांगली आहे. पण तोवर पोरगा मदतनीस, आणि पगार मदतनिसाचा. एखाद्या नर्सचं बघा. बीएस्सी नर्सिंग केलेली मुलगी, इथे आयसीयू सांभाळलेली. तिथे मान्यता येईपर्यंत ती सहायक. शिवाय जर्मन इस्पितळात नर्सनेच रुग्णाला आंघोळ घालायची, भरवायचं, कूस बदलायची. इथे ते काम आया, वॉर्डबॉय आणि रुग्णाची सून करते. काम वाईट नाही, पण आधी सांगितलं नसेल तर पहिल्याच आठवड्यात रडू येतं.

जर्मनी एकटी नाही. जपानने १९९३ पासून परदेशी मजुरांना ‘तांत्रिक प्रशिक्षणार्थी’ म्हणून आणलं, मालक बदलायची मुभा न देता. भारत त्यात २०१७ मध्ये सामील झाला. एवढी बोंब झाली की २०२४ मध्ये जपानच्याच संसदेने ती पद्धत मोडून नवी आणायचा कायदा केला. काम करून घ्यायचं आणि प्रशिक्षण म्हणायचं, ही युक्ती आपण तिथून घेतली की स्वतः शोधली, हे युवा कार्य प्रशिक्षणवाल्यांनी सांगावं. इस्रायलचं तर काय बोलावं. ७ ऑक्टोबर २०२३ नंतर त्यांनी पॅलेस्टिनी कामगारांचे परवाने थांबवले, बांधकामं ठप्प झाली, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये शटरिंग, सळई, प्लास्टर, टाइल्सची माणसं निवडायला त्यांची पथकं पुण्यात आली. त्याच वर्षी मार्चमध्ये इस्रायलच्या उत्तर सीमेवरच्या फळबागेत क्षेपणास्त्र पडून केरळचा एक शेतमजूर मेला होता. रांग तरी लागलीच.

आता म्हणाल, मग जाऊ नये का? जावं. जरूर जावं. बाहेर जाऊन कमावणारा पोरगा देशद्रोही नाही आणि त्याला इथे थांबवून आठ हजारांवर ठेवणारा देशभक्त नाही. आपली हुशार माणसं निघून जातात म्हणून गळा काढणाऱ्यांनाही एक विचारायचंय. ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या सरकारी इस्पितळात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले, त्यात १२ नवजात बाळं. मनुष्यबळाची कमतरता तेव्हा सगळ्यांना आठवली. त्या नर्सेस काय जर्मनीने पळवल्या होत्या? पदं रिकामी होती आणि नर्सेस रिकाम्या होत्या. दोघांच्या मधली भरती तेवढी होत नव्हती. त्याच्या महिनाभर आधी याच राज्याने नऊ खासगी एजन्सींमार्फत कंत्राटी माणसं घ्यायचा निर्णय काढला होता आणि २० ऑक्टोबरला ओरड झाल्यावर मागे घेतला. नांदेडची बाळं आणि स्टुटगार्टचे म्हातारे यांच्यात भांडण लावायची गरज नाही. नर्स दोन्हीकडे पुरेल, जर कोणी तिला नेमणूकपत्र दिलं तर.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये ५५ देशांची यादी काढली: यांच्याकडून डॉक्टर-नर्स ओढू नका, त्यांचेच हाल आहेत. भारत त्या यादीत नाही. म्हणजे आपल्याकडून न्यायला कोणाची आडकाठी नाही. मग निदान किंमत तरी लावावी. मायकेल क्लेमेन्स नावाचा एक अर्थशास्त्रज्ञ गेली कित्येक वर्षं साधी गोष्ट सांगतोय: ज्या श्रीमंत देशाला माणूस हवा, त्याने माणूस निघण्याआधी त्याच्या देशातल्या शाळेत पैसा घालावा, आणि तिथे जाणाऱ्यांबरोबर न जाणारेही शिकावेत. डिसेंबर २०१८ च्या माराकेशच्या जागतिक स्थलांतर करारात ही कल्पना नाव घेऊन लिहिलेली आहे. भारतही त्याच्या बाजूने होता, जर्मनीही. म्हणजे नवीन काही मागायचं नाही, दोघांनी मान डोलावलेलीच गोष्ट आहे. आपल्याकडे ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी साखर कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घ्यायचं ठरलं. जी अट सोलापूरच्या कारखान्याला घालता येते, ती स्टुटगार्टच्या इस्पितळाला घालताना जीभ का अडखळते?

पुढचा करार कराल तेव्हा त्यात चार ओळी लिहून घ्या. भाषेचा खर्च मालकाचा. एका जाणाऱ्या नर्समागे एका इथेच राहणाऱ्या नर्सच्या शिक्षणाचा पैसा बाडेन-वुटेनबर्गचा. मान्यता नाकारली गेली तर परतीचं तिकीट त्यांचं. आणि दर महिन्याला डाएटच्या सूचनाफलकावर तीन आकडे: किती नोंदले, किती भाषेत पास झाले, किती प्रत्यक्ष कामावर रुजू झाले. आकडे छोटे असले तरी चालतील.

आणि ज्यांच्या घरातलं पोरगं किंवा पोरगी या रांगेत उभी आहे त्यांच्यासाठी. मालकाचं नाव, गाव आणि पगार, कापण्याआधीचा आणि कापल्यानंतरचा, लिहून मिळाल्याशिवाय नोकरी सोडू नका, जमीन गहाण टाकू नका. मधला एजंट असेल तर तो केंद्र सरकारकडे नोंदलेला आहे का, हे ई-मायग्रेटच्या यादीत बघा. परदेशी नोकरीसाठी नोंदणीकृत एजंटाला कायद्याने सेवाशुल्क ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी, एवढंच घेता येतं. तो तीन लाख मागत असेल तर त्याला पावती मागा.